पेनड्राइव्ह लाव की बे

"पेनड्राइव्ह लाव की बे," असं शेजारचे अण्णा रविवारी म्हणाले तेव्हा आमच्या हॉलमध्ये अकरा माणसं होती. त्यातली नऊ आमरसानं पेंगुळलेली. शिवाय पुण्याहून ताई व्हिडिओ कॉलवर. मी रिमोट घेऊन टीव्हीपुढं उभा, आणि टीव्हीवर एक गोल चकरी सतरा मिनिटं फिरत होती. आज गुरुवार आहे, माझा राग अजून उतरलेला नाही, आणि इतक्यात उतरवायचा माझा विचारही नाही.

अण्णांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला. आधी तंबाखूची पुडी निघाली, मग चुन्याची डबी, मग कुठल्या तरी लग्नातली कागदात गुंडाळलेली बडीशेप, आणि सगळ्यात शेवटी लाल सुताच्या दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह. तो त्यांनी टीव्हीच्या कुशीत खुपसला. चौथ्या सेकंदाला सनई वाजली. आत्या खडबडून जागी झाली आणि म्हणाली, "एवढंच करायचं होतं तर एवढा वेळ का लावला रे?"

एवढंच करायचं नव्हतं, हेच तर कुणाला कळत नाही.

गोष्ट साधी आहे. ताईचं लग्न १९९९ च्या मे महिन्यातलं. कॅसेटला बुरशी लागायला आली म्हणून स्टुडिओवाल्याकडून ती फाइलमध्ये करून घेतली. त्यानं न मागता ती 'फुल एचडी' करून दिली. त्यामुळं आता बाकी काही स्पष्ट दिसत नाही, पण वरातीतल्या सगळ्या बायकांच्या तोंडावरची पावडर मात्र वेगवेगळी मोजता येते. पुतण्या म्हणाला, "काका, घरात मीडिया सर्व्हर टाकू. जुना लॅपटॉप आहेच. लग्न, मुंज, जुन्या सीडी, सगळं एका जागी. टीव्हीवर बघा, मोबाइलवर बघा, ताईआत्या पुण्यातून बघेल." मी हो म्हणालो. माणूस पन्नाशीकडे झुकला की त्याला सगळं एका जागी ठेवायची हौस येते.

पुतण्यानं मला पर्याय समजावले, ते ऐकून मला आमच्या गावाकडच्या वाटण्या आठवल्या. एक्सबीएमसी नावाच्या सॉफ्टवेअरचं एक मूळ घर. त्यातून २००८ च्या सुमारास प्लेक्स वेगळं निघालं. मागं राहिलेल्या घरानं २०१४ मध्ये नाव बदलून कोडी केलं. तिकडं एम्बी नावाचं दुसरं घर. त्यांनी २०१८ च्या शेवटी आपला कोड, म्हणजे सॉफ्टवेअरचा मूळ मजकूर, झाकून ठेवायचं ठरवलं, तेव्हा काही मंडळी तोपर्यंतचा उघडा कोड घेऊन बाहेर पडली आणि जेलीफिन नावानं वेगळी चूल मांडली. प्लेक्सचं घरातल्या घरात बघणं फुकट. पण आपलाच सर्व्हर घराबाहेरून बघायचा तर २९ एप्रिल २०२५ पासून पैसे. महिन्याला ६.९९ डॉलरचा पास, नाहीतर नुसतं बाहेरून बघण्यापुरता १.९९ चा छोटा पास. एकदाच भरून मोकळं व्हायचा पास त्याच दिवशी ११९.९९ वरून २४९.९९ डॉलरवर गेला. मोबाइल ॲपला आधी एकदा पैसे पडायचे, ते मात्र त्यांनी काढून टाकले, हेही सांगायला पाहिजे. जेलीफिनला पैसे नाहीतच. कुठल्याच गोष्टीला नाहीत. मी अर्थातच जेलीफिन घेतलं. फुकट म्हटल्यावर सोलापूरचा माणूस चौकशी करत नाही.

अण्णा करतात.

अण्णा आमचे शेजारी, यंत्रमागवाले. घरी तेलुगू, बाजारात मराठी, कामगारांवर चिडले की कन्नड. मी माळ्यावर लॅपटॉप बसवत होतो त्या दिवशी ते शिडीच्या खाली खुर्ची टाकून दोन तास बसले. मदतीला नाही, बघायला.

"काय करालास बे वर?"

"सर्व्हर टाकतोय, अण्णा."

"सरवर. किती पैसे?"

"फुकट आहे."

"पूर्ण?"

"पूर्ण."

अण्णांनी तंबाखू मळायची थांबवली. "मग करणाऱ्याचं पोट कशावर चालतंय?"

"स्वयंसेवक आहेत. जगभरचे लोक आपापल्या वेळात कोड लिहितात."

"म्हंजे रिकामे."

"रिकामे नाहीत अण्णा, नोकरी करून उरलेल्या वेळात करतात. देणग्याही येतात."

"देवळासारखं." हे त्यांना पटलं. मग पुन्हा विचारात पडले. "पण मूळ माल कुणाचा?"

मी एम्बीची वाटणी सांगितली. अण्णा एकदम खुर्चीच्या टोकावर आले. "म्हंजे डिझाइन उचललं की!"

"उचललं नाही. तसा परवानाच होता. कुणीही घ्या, बदला, वाटा, फक्त तुम्हीही पुढं उघडं ठेवा."

"डिझाइन उचलायला परवाना देणारा मालक बघितला न्हाई बे मी आजपर्यंत. आमच्यात सकाळी नवी नक्षी मागावर चढली की दुपारी शेजारच्या कारखान्यात चढती. परवाना कोण विचारतोय? तुमची माणसं भली हाईत, उचलायच्या आधी कागद करतात."

इथं थोडं थांबून सांगतो, की अण्णांना अडाणी समजायची चूक मी एकदाच केली. जकार्डच्या मागावर नक्षी चढते ती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांवरून. भोक असेल तिथं धागा वर, नसेल तिथं खाली. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास निघालेली ही युक्ती पुढं गणकयंत्रवाल्यांनी घेतली, आणि अण्णा ती हयातभर चालवत आलेत. "तुझा कम्प्युटर माझ्या मागाचा नातू हाय," असं ते मला सणासुदीला ऐकवतात, आणि त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

"बरं," अण्णा म्हणाले, "आणि ते पैशेवालं? त्यात काय काय मिळतंय?"

मी सांगत गेलो, ते बोटं मोजत गेले. पैशाचा विषय आला की अण्णा आपसूक तेलुगूत जातात. घराबाहेरून बघणं, ओकटी. फाइलचं रूपांतर लॅपटॉपच्या चित्रचिपकडून करून घेणं, रेंडू. फाइल मोबाइलमध्ये उतरवून ठेवणं, मूडू. तिसऱ्या बोटावर ते अडले.

"एक मिनिट. कॅसेट तुझी."

"माझी."

"कपाट तुझं, लाइट बिल तुझं, लगीन तुझ्या बहिणीचं."

"हो."

"आणि ती पुण्यातून बघणार तर भाडं त्यांना?"

"मधला रस्ता त्यांचा, अण्णा. ॲप त्यांचं, लॉगिन त्यांचं. त्यांनाही माणसांचे पगार द्यायचे असतात."

"मग भाडं कशाला म्हणतोस, टोल म्हण की. सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. गाडी आपली, डिझेल आपलं, बहीण आपली." ते मागं रेलले. मला वाटलं आता शिव्या घालतील. त्याऐवजी ते बराच वेळ गप्प बसले आणि मग हळू आवाजात म्हणाले, "डोकं हाय पण त्या माणसाचं. आमचंच चुकलं."

"तुमचं काय चुकलं?"

"चादर एकदा विकली की चाळीस वर्षं गिऱ्हाईक परत येत न्हाई. फाटतच न्हाई बे! आज्जीनं घेतलेली नातू पांघरतोय. बारा माग होते माझे, आता चार हाईत. चादरीला महिन्याचं भाडं लावता आलं असतं ना? पाय झाकायचे तर फुकट, डोक्यावरून घ्यायची तर पैशे." हसले, पण नेहमीसारखे नाहीत. मग उठून गेले. तंबाखू मळलेली तशीच हातात होती.

हे मला राहून राहून आठवतं. कारण माझीही तक्रार तीच आहे, फक्त उलट्या बाजूनं. आता विकत घेतलेली कुठलीच वस्तू पुरती आपली होत नाही. टीव्ही मी रोख पैसे देऊन आणला, तरी चालू केला की आधी जाहिरात. गाणी घेतलीत असं वाटतं, हप्ता चुकला की गाणी गेली. माझ्या वडिलांनी रेडिओ घेतला तेव्हा दुकानदार दर महिन्याला दारात येऊन बटण बंद करत नव्हता. सरकारचं लायसन तेवढं पोस्टात भरावं लागायचं, असं आई म्हणते. म्हणजे तेव्हाही होतंच काहीतरी. बरं, तेही जाऊ दे.

फुकटचा हिशेबही सांगून टाकतो. चार टीबीची हार्ड डिस्क. लाइट गेली तरी बंद पडू नये म्हणून यूपीएस. लॅपटॉप पंचवीस वॅट खातो, चोवीस तास, तीस दिवस, म्हणजे महिन्याला अठरा युनिट. आणि ताईनं पुण्यातून बघावं म्हणून राउटरमध्ये दार उघडायला गेलो, तर राउटरच्या पानावरचा पत्ता १००.६४ नं सुरू होणारा. पुतण्यानं कपाळाला हात लावला. म्हणजे आमच्या इंटरनेटवाल्यानं अख्ख्या गल्लीला मिळून बाहेरचा एकच पत्ता दिलाय, आतून बाहेर जाता येतं, बाहेरून आत कुणाला येता येत नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, स्वतंत्र पत्ता पायजे असंल तर वेगळा चार्ज बसंल." म्हणजे फुकटच्या रस्त्यावरही शेवटी नाका लागलाच. मग टेलस्केल नावाचं एक ॲप दोन्ही टोकांना टाकून पळवाट काढली. ते ताईच्या मोबाइलमध्ये टाकायला फोनवर पाऊण तास गेला, त्यातली वीस मिनिटं ती चष्मा शोधत होती.

आता रविवार.

टीव्हीवर मी मोठ्या थाटात यादी उघडली. हा सर्व्हर फाइलच्या नावावरून इंटरनेटवरच्या सूचीत शोधतो आणि आपणहून पोस्टर चिकटवतो. स्टुडिओवाल्यानं फाइलला नाव दिलं होतं 'वेडिंग फायनल'. तर ताईच्या लग्नाच्या जागी पडदाभर कुठल्याशा परदेशी सिनेमाची नवरी उभी राहिली. पांढरा झगा, डोळ्यांखालून ओघळलेलं काजळ, हातात कुऱ्हाड. खाली लिहिलेलं: भयपट. हॉल गप्प. आत्यानं चष्मा वर केला, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "पार्लरवालीनं त्या दिवशी असंच करून ठेवलं होतं की हिचं." फोनमधून ताई ओरडली, "मला दिसतंय सगळं!" तिला टीव्ही दिसत होता, लग्न नाही. तिच्या मोबाइलवर पण चकरीच फिरत होती.

चकरीचं कारण मला माहीत होतं, पण ते अकरा माणसांत सांगण्यासारखं नव्हतं. जागा वाचावी म्हणून मीच ती फाइल एच.२६५ नावाच्या नव्या पद्धतीत दाबून बसवली होती. टीव्हीमागं खोचलेली, ॲप चालवणारी जुनी स्टिक ती भाषा समजत नाही. मग लॅपटॉपला ती फाइल चालता चालता जुन्या भाषेत उलथी करून द्यावी लागते, आणि लॅपटॉप इतका जुना की त्याच्या चिपलाही ती भाषा येत नाही. इंटेलच्या चिपांना ती २०१५ मध्ये आली, आमचा त्याआधीचा. जे काम प्लेक्सकडं पैसे भरून मिळतं ते इथं फुकट मिळत होतं, पण टँकर दारात आणि घागर फुटकी.

आईनं विचारलं, "हे फिरतंय काय?"

"पुढचं थोडं आधी साठवून घेतंय, आई."

"म्हंजे पिंप भरतंय," आई म्हणाली. पाणी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या गावात बफरिंग समजावून सांगावं लागत नाही. "मग येऊ दे की हळूहळू. धार बारीक दिसती."

सतरा मिनिटं ती धार बारीकच राहिली, आणि मग अण्णांनी खिशात हात घातला. त्यांच्याकडं ती फाइल कशी? तर वरातीत ते नाचले होते, म्हणून त्याच स्टुडिओतून आपली प्रत करून आणलेली. न दाबलेली. पुढचे दोन तास आमच्या घरानं अण्णांचा नाच तीनदा बघितला, एकदा ताईसाठी मोबाइल टीव्हीसमोर धरून. मोबाइल मी धरला होता.

संध्याकाळी सगळे गेल्यावर मी शिडी लावली. अण्णा खाली होतेच. वर चढलो तर माळ्यावर लॅपटॉपच नाही. त्याच्या जागी घडी केलेली चादर. हात लावला तर तव्यावर ठेवल्यासारखा भाजला. चादरीच्या आत चार पदरांखाली माझा सर्व्हर गुदमरत होता, पंखा रडल्यासारखा घरघरत होता.

"आई! ही चादर कुणी घातली?"

"मी," स्वयंपाकघरातून आवाज आला. "पंधरा दिवस झाले. धूळ बसती त्याच्यावर. काढू नकोस."

मी चादर ओढून खाली टाकली. अण्णांनी ती झेलली, लॅपटॉपकडं बघितलंही नाही. ट्यूबलाइटखाली जाऊन त्यांनी एक टोक उलटं केलं, काठ चिमटीत धरून अंगठ्यानं घासला, मोराची पिसं मोजली.

"आमच्या मागावरची हाय बे," ते म्हणाले. "शहाऐंशी-सत्त्याऐंशीची असंल. आत एवढी आग लागलीय, बाहेर कळलं का कुणाला?"