‘ताई, ग्राइंडर वापरा’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

हेज ट्रिमरच्या (झुडपांचं कुंपण छाटायच्या मशीनच्या) पात्यांना घरी कानशीने धार कशी लावायची, या माझ्या लेखाखाली ‘स्पष्टवक्ता’ या नावाने एका वाचकांनी लिहिलंय : ‘ताई, ग्राइंडरवर (धार लावायच्या फिरत्या चाकावर) दहा मिनिटांत होणाऱ्या कामासाठी लोकांना दोन तास कानस घासायला लावू नका. पाती सुटी न करता लावलेली धार म्हणजे वरवरची मलमपट्टी, आतला चीक आणि बर (घासताना कडेला उरणारा धातूचा कंगोरा) तशीच राहते. कोनही चुकलाय. हौशी मंडळींनी असे सल्ले देऊ नयेत.’

आधी चूक कबूल करते. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत कोन ४५ अंश दिलाय, माझ्याकडून ५४ टाइप झालं. दुरुस्त केलंय. आभार.

आता ‘हौशी’. खरं नाव झाकून स्पष्ट बोलायला फार काही लागत नाही, साहेब. माझ्या वडिलांचं कोल्हापूरला उद्यमनगरात छोटं वर्कशॉप होतं. मे महिन्याच्या सुट्टीत मैत्रिणी मामाकडे जायच्या, मी व्हाइससमोर (काम घट्ट पकडणाऱ्या शिकंज्यासमोर) लाकडी खोक्यावर उभी असायची, कारण त्याशिवाय हात पोचायचा नाही. कानस पुढे नेताना दाबायची, मागे आणताना उचलायची. मागे घासत आणली की बाबा काही बोलायचे नाहीत, नुसती माझ्या हातातून काढून घ्यायचे. त्यामुळे कानस म्हणजे काय हे मला सांगू नका. आणि ‘ताई’ म्हणायला माझी ना नाही, आमच्याकडे भाजीवालाही म्हणतो. पण तो त्यापुढे मला अक्कल शिकवत नाही.

राहिला ग्राइंडर. तोही करून झालाय. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्याच्या तोंडावर सोसायटीतलं दुरांताच्या झुडपांचं कुंपण अंगावर यायला लागलं म्हणून पाती बाहेर धारेला दिली होती. परत आली ती आरशासारखी चमकत. मी खूश. उन्हात धरली तेव्हा पाच-सहा दातांच्या कडेला तांदळाएवढा निळा डाग दिसला. पोलाद साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं की असं निळं पडतं, म्हणजे त्या जागेचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलेलं असतं. दात पातळ, कड त्याहून पातळ, चाक नुसतं टेकलं तरी उष्णतेला जायला जागाच नसते. पंधरवड्यात ते दात बोथटले. फांदी कापण्याऐवजी चावायला लागले, चिरफाळलेल्या टोकांनी कुंपण आठवडाभर तपकिरी दिसत होतं. नवीन पात्यांचे पैसे मी भरले, तुम्ही नाही. ‘हात हलका ठेवायचा’ असं तुम्ही म्हणाल. ठेवा की. तुमचा हात तुम्हाला माहीत. मी लिहिते ते पहिल्यांदा पातं हातात घेणाऱ्यासाठी.

कानस कितीही घासली तरी पातं निळं पडत नाही. मशीन चुकून सुरू होऊ नये म्हणून आधी स्पार्क प्लगची कॅप काढायची (बॅटरीवालं असेल तर बॅटरी), रॉकेलने चीक पुसायचा, दाताच्या उतरत्या बाजूवर, कापणाऱ्या कडेकडे जाणारे चार-पाच हात मारायचे. सपाट बाजूला कानस लावायची नाही, नाहीतर दोन पात्यांमध्ये फट पडते. आणि दोन तास हा आकडा आणलात कुठून? गेल्या रविवारी मी घड्याळ लावून बसले होते. पन्नास मिनिटं, त्यात एक चहा.

पाती उघडण्याचा मुद्दा तेवढा राहिला. त्यात नट किती आवळायचे, किती सैल सोडायचे वगैरे बरंच येतं, ते वेगळं प्रकरण आहे, कधीतरी स्वतंत्र लिहीन. नवीन पाती बसवल्यापासून मी ती एकदाही उघडलेली नाहीत आणि मशीन व्यवस्थित चालतंय.