पावसात विमानं ‘भरकटतात’ म्हणे!

पाऊस धरला की कुत्र्याच्या छत्र्या उगवतात, तसा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड दरवर्षी उगवतो. विमानांचा माग दाखवणाऱ्या अॅपचा स्क्रीनशॉट, पालघरच्या वर निळी-पिवळी वेटोळी आणि खाली मजकूर: ‘मुंबईकरांनो, सावधान! धावपट्टी दिसत नाही म्हणून विमानं तासभर आकाशात भरकटतात. टाकीत इंधन फक्त मुक्कामापुरतंच असतं. एकाच जागी पाच-सहा विमानं फिरतात, टक्कर कधीही होऊ शकते. आणि पैसे वाचवायला मार्ग बदलून ती आपल्या घरांवरून नेतात.’ यंदा तो मला तीन ग्रुपांवर आला. एकावर तर माझ्याच मावसभावाने टाकला, म्हणून हे लिहायला घेतलं.

आधी ते ‘भरकटणं’. त्या वेटोळ्यांकडे जरा नीट बघा. प्रत्येक फेरी शर्यतीच्या ट्रॅकसारखी लांबट असते आणि विमान दर वेळी एका ठरलेल्या बिंदूवरून जातं. याला होल्डिंग म्हणतात. बिंदूवरून उजवीकडे अर्धं वळण, सुमारे एक मिनिट. मग एक मिनिट सरळ, पुन्हा अर्धं वळण, आणि एक मिनिटात परत बिंदूवर. चौदा हजार फुटांपर्यंत हाच हिशेब, त्यावर सरळ पट्टा दीड मिनिटाचा. मग स्क्रीनशॉटमधली वेटोळी वेडीवाकडी का? वाऱ्यामुळे. बिंदूकडे येताना वारा समोरून असेल, तर जाताना तो पाठीमागून ढकलतो, म्हणून जाण्याचा पट्टा मिनिटापेक्षा कमी ठेवायचा. वारा आडवा असेल, तर येताना विमानाचं नाक, समजा, पाच अंश वाऱ्याकडे धरावं लागतं आणि जाताना साधारण तिप्पट, म्हणजे पंधरा अंश. कारण दोन्ही वळणांतलं वाहून जाणंही त्याच पट्ट्यात भरून काढायचं असतं. हल्ली हे विमानातला संगणक करतो. पण नकाशावरचं ते वाकडेपण म्हणजे वाऱ्याचा चोख हिशेब आहे.

धावपट्टी दिसत नाही, हे कधीकधी खरं असतं. साध्या आयएलएसवर, म्हणजे रेडिओ लहरींनी धावपट्टीची वाट दाखवणाऱ्या यंत्रणेवर, उतरताना धावपट्टीवर निदान ५५० मीटरपर्यंतचं दिसावं लागतं, आणि दोनशे फुटांवर येऊनही दिवे दिसले नाहीत तर वैमानिकाने वर जायचं असतं. जुलैतली दणदणीत सर सहसा पंधरा-वीस मिनिटांत पुढे सरकते. तेवढा वेळ वर थांबणं शहाणपणाचंच. पण मुंबईतलं खरं दुखणं वेगळं आहे, आणि त्याबद्दल या फॉरवर्डमध्ये अवाक्षर नाही. आपल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणजे एका वेळी वापरात एकच. वेळापत्रक मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत ठासलेलं. एका विमानाने पावसात उतरणं सोडून पुन्हा वर झेप घेतली, की मागची अख्खी रांग सरकते. १ जुलै २०१९ च्या रात्री जयपूरहून आलेलं विमान पावसात मुख्य धावपट्टी ओलांडून पुढे गेलं. ते हलवेपर्यंत काही दिवस सगळा भार आखूड धावपट्टीवर. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर सरकारनेच सांगितलं की मुंबईवर विमानं ४० ते ६० मिनिटं फिरत राहतात आणि त्यात दर विमानामागे १.८ ते २.६ लाख रुपयांचं इंधन जळतं. गर्दीच्या वेळी तासाला ४६ विमानांची मर्यादा ४४ वर आणली गेली. फेब्रुवारीत हं, पावसाचा थेंब नसताना. संतापायचं असेल तर यावर संतापा.

‘इंधन मुक्कामापुरतं.’ हे साफ खोटं. मुक्कामापर्यंतचं इंधन, त्यावर वाटेतल्या अडचणींसाठी थोडं, मुंबईत जमलं नाही तर पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि तिथेही पंधराशे फुटांवर आणखी अर्धा तास फिरता येईल एवढं, हे सगळं निघतानाच भरलेलं असतं. पावसाळ्यात कंपन्या याहून जास्त घेतात. अजून किती थांबावं लागेल, याची अंदाजे वेळ जमिनीवरचा नियंत्रक सांगतो. तेवढा वेळ इंधन पुरणार नसेल तर वैमानिक अहमदाबाद किंवा हैदराबादची वाट धरतो. ‘पर्याय म्हणून नवी मुंबई का नाही?’ अहो, ढगाला खाडी आडवी येते का? तरी एक गोष्ट मान्य करतो, कारण झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये दोह्याहून कोचीला आलेल्या विमानाने आधी कोचीत आणि मग तिरुवनंतपुरमला उतरण्याचे अनेक प्रयत्न केले. शेवटी ते उतरलं तेव्हा टाकीत इंधन कमालीचं कमी उरलं होतं. पण तिथे इंधन कमी भरलं नव्हतं, कोची सोडायचा निर्णय उशिरा झाला होता.

टक्करीचं म्हणाल, तर नकाशावर एकमेकांवर दिसणारी विमानं प्रत्यक्षात हजार-हजार फुटांच्या मजल्यांवर असतात. तळमजला रिकामा झाला की वरचा खाली येतो. बस.

राहिला मार्ग. विमानाला उतरताना समोरून वारा हवा असतो. पाठीमागून साधारण दहा नॉटपेक्षा (ताशी सुमारे साडेअठरा किलोमीटर) जास्त वारा बहुतेक विमानांना चालत नाही, ओल्या धावपट्टीवर तर त्याहून कमी. पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, म्हणून विमानं पूर्वेकडून, घाटकोपर-कुर्ल्यावरून उतरतात आणि जुहूवरून समुद्राकडे उडतात. घरांवरून नेण्यात कोणाचा पैसा वाचत नाही.

खरी गंमत ऑक्टोबरात. संध्याकाळी घाटावरून गडगडाट उतरतो, पुढ्यात पूर्वेचा थंड झोत ढकलत. दहा मिनिटांत वारा पालटतो आणि धावपट्टीची दिशाही. घाटकोपरच्या तोंडाशी आलेल्या विमानांना वळसा घालून समुद्राच्या बाजूने यावं लागतं, आणि तोवर वरचे मजले भरत जातात. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी जुहूतल्या मावसभावाने गच्चीवरून व्हिडिओ टाकला: ‘आज उलटी कशी येतायत? काहीतरी लपवतायत!’ मी त्याला विमानतळाच्या हवामान नोंदीतली एकच ओळ पाठवली: वारा ०७० अंशांवरून (म्हणजे पूर्वेकडून), १८ नॉट. त्याने अंगठा दाखवला आणि अर्ध्या तासाने तोच व्हिडिओ दुसऱ्या ग्रुपवर टाकला.