न काढलेली किटली

विषयांच्या यादीत ‘प्राथमिक ड्रॉइंग’ दिसलं, तेव्हाच ती क्रेडिट्स मी मनातल्या मनात खिशात घातली होती. प्राथमिक म्हणजे काय असणार? दोन डोंगर, मधून डोकावणारा सूर्य, एक झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. एवढं तर मला चौथीतच येत होतं.

पहिल्या तासाला मॅडमनी मधल्या टेबलावर ॲल्युमिनियमची एक जुनी किटली आणून ठेवली. तिच्या पोटाला चांगला अंगठ्याएवढा पोचा होता. “काढा,” एवढंच म्हणाल्या.

मी पाच मिनिटांत काढून मोकळा. बाकीचे अजून पेन्सिली तासत होते. मॅडम आल्या. आधी कागदाकडे पाहिलं, मग किटलीकडे, मग पुन्हा कागदाकडे.

“ही कोणती किटली?”

“हीच, मॅडम.”

“हिचा तळ सरळ रेघेत का आहे?”

“टेबलावर ठेवलीय ना. तळ सपाटच असतो.”

“तुला तसा दिसतोय?”

दिसत नव्हता. पण म्हणून काय झालं? सपाट नसता तर किटली कलंडली नसती का?

“माहीत आहे ते काढलंस तू,” मॅडम म्हणाल्या. “दिसतंय ते काढ.” परीक्षेत काही माहीत नाही म्हणून माझे मार्क नेहमीच जातात. माहीत आहे म्हणून जायची ही पहिलीच वेळ.

पुढचे तीन आठवडे लंबगोलात गेले. गोल वस्तू तिरकी पाहिली की लंबगोल दिसते. ती बरोबर डोळ्यांच्या पातळीवर आणली तर त्याची नुसती आडवी रेघ होते, आणि जसजशी खाली न्यावी तसतसा तो उघडत जातो. म्हणून टेबलावरच्या किटलीचं तोंड चपटं दिसतं आणि तळाची कड त्याहून जास्त वाकलेली. हे डोक्याला पटलं. हाताला पटेना. माझे लंबगोल दोन्ही टोकांना अणकुचीदार व्हायचे. तो दोष काढायला गेलो तर त्यांना बॅगेसारखे कोपरे आले. “मनगट नको, खांद्यातून हात फिरव,” असं मॅडम सांगायच्या. खांद्यातून फिरवलेला माझा पहिला लंबगोल शेजारणीच्या कागदावर जाऊन पूर्ण झाला.

मग मला शोध लागला की दोष पेन्सिलीचा आहे. माझ्याकडे होती एकच एचबी, ढुंगणाला खोडरबर लावलेली. इतरांच्या डब्यात चार-एचपासून आठ-बीपर्यंत सगळं खानदान नांदत होतं. हे खानदान सुरू केलं निकोला-जाक काँते नावाच्या फ्रेंच माणसाने. युद्धामुळे इंग्लंडचं ग्राफाइट मिळेना, तेव्हा १७९५ साली त्याने ग्राफाइटच्या भुकटीत माती कालवली आणि भाजून शिसं बनवलं. माती जास्त तर शिसं कडक आणि फिकट, कमी तर मऊ आणि काळं. मी सहा-बी, म्हणजे मऊ आणि काळी, आणली. तोवर माझी किटली नुसती चुकीची होती, आता ती ठळकपणे चुकीची झाली. शिवाय तळहात घासून सगळा छायाप्रकाश माझ्या शर्टावर आला. तिथे मात्र तो छान उमटला होता.

मापं घेण्याचा प्रकार तर बघण्यासारखा. हात ताठ, एक डोळा बंद, पेन्सिल समोर धरून अंगठा सरकवत किटलीची रुंदी उंचीत किती वेळा बसते ते मोजायचं. वीस जण एक डोळा मिटून, हात रोखून त्या गरीब किटलीवर नेम धरून बसलेले. दारातून कोणी डोकावलं असतं तर पोलिसांनाच बोलावलं असतं. यात कोपर वाकवायचं नाही, हा मुख्य नियम. माझं वाकायचं. त्यामुळे माझ्या किटलीची तोटी दर मोजणीला बोटभर वाढायची आणि शेवटी तिचा हत्ती झाला.

एकदा तर कागदाकडे न बघताच काढायला लावलं. नजर मुंगीसारखी किटलीच्या कडेने चालवायची, पेन्सिल उचलायची नाही, खाली बघायचं नाही. संपल्यावर बघतो तर कडी एका कोपऱ्यात, पोट दुसऱ्या कोपऱ्यात आणि तोटी कागद संपवून खालच्या ड्रॉइंग बोर्डावर. मॅडम म्हणाल्या, “छान!” महिनाभर डोळे फाडून काढलं त्याला कधी छान नाही, आणि हे छान? “रेघ घाबरलेली नाही,” असं त्यांचं म्हणणं. रेघ कशाला घाबरेल, पुढे काय होतंय ते तिला कुठे दिसत होतं?

आणि शेवटी आली मोकळी जागा. यात किटली काढायचीच नाही. कडीच्या आतून दिसणारा तुकडा, तोटीखालचा त्रिकोण, भोवतीची पोकळी एवढंच कोळशाने काळं करायचं. आता किटलीबद्दल मला भरपूर माहिती होती, पण तोटीखालच्या हवेबद्दल काही म्हणजे काहीच नव्हती. नाइलाजाने जशी दिसली तशी काढावी लागली. तासाभराने मागे सरकून पाहिलं, तर काळ्याभोर कागदात एक पांढरी किटली उभी. तोटी तोटीएवढी. तळ वाकलेला. मी घाईघाईने कोळशानेच सही ठोकली, न जाणो दुसऱ्या कोणाची समजली गेली तर.

सत्र संपताना सगळ्यांची चित्रं भिंतीवर लागली. मॅडम माझ्या चित्रासमोर बराच वेळ थांबल्या.

“ही आपली किटली,” त्या म्हणाल्या. माझी मान ताठ झाली. “फक्त ती सही पूस. तू मोकळ्या जागेत केलीयस, पण तिथे किटली आहे.”

पुसली. कोळसाच तो, पूर्ण थोडाच जातो! पोटावर अंगठ्याएवढा करडा डाग राहिला, पोचा होता बरोबर त्याच जागी.