रिव्ह्यूला उत्तर: आकडा जुळवून देणार नाही, काहून ते सांगतो

राम राम भाऊ. रिव्ह्यू वाचला. एक स्टार दिला त्याचं वाईट वाटलंच, पण जास्त काळजी याची वाटली की तो वाचून आपल्या वरूड-मोर्शी पट्ट्यातला दुसरा कोणी वाइंडिंगवाला साध्या क्लॅम्प मीटरवर (वायरभोवती अडकवून करंट मोजायचा मीटर) भरवसा ठेवून मोटर पास करून देईल, म्हणून सगळ्यांसमोर लिहून राहिलो.

तुमचं म्हणणं असं की आम्ही बनवून दिलेल्या पंप टेस्ट बेंचवर (मोटर अन् पंप तपासायचं टेबल) आमचा स्क्रीन १५ अँपिअर दाखवते अन् तुमचा क्लॅम्प मीटर ११, म्हणजे आमचं सामान खराब. प्रेशरचा आकडा नाचत राहते. सॉफ्टवेअर फुकट भेटते त्याचे पैसे घेतले. अन् फोन उचलत नाही.

करंटचं पहिले सांगतो कारण खरी गोष्ट तीच आहे. तुमच्या इथं दिवसा थ्री फेजचा भरवसा नाही म्हणून तुम्ही सिंगल फेज घेऊन थ्री फेज काढणारा व्हीएफडी (मोटर चालवायचा इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह) लावला, बरोबरच केलं, नाहीतर टेस्टिंग रात्री करावं लागलं असतं. पण हा व्हीएफडी लाइनमधून करंट सरळ घेत नाही, त्याच्या आतले कपॅसिटर फक्त व्होल्टेजच्या टोकावर भरतात, म्हणून करंट एकदम उसळते अन् मधात जवळपास शून्य. आमच्या स्क्रीनवर 'वेव्ह' बटण आहे ते दाबून पाहा, गोल लाट दिसणारच नाही, शिंगांसारखी उभी टोकं दिसतील. तुमचा क्लॅम्प मीटर सरासरी मोजून तिला १.११ नं गुणते, अन् हा हिशोब गोल लाटेलेच लागू होते. टोकदार करंटवर तो कमी दाखवणारच, मीटर बिघडला असं नाही, तो बनलाच तसा आहे. आमचा मोजणीचा कार्ड सेकंदाले १०,००० रीडिंग घेते, आपली लाइन ५० हर्ट्झची म्हणजे २० मिलिसेकंदाच्या एका फेऱ्यात २०० रीडिंग झाले, त्या प्रत्येकाचा वर्ग करून सरासरी काढून वर्गमूळ घेतो. यालाच ट्रू आरएमएस म्हणतात, अन् वायर जेवढी तापते ती याच आकड्यानं तापते. ११ अन् १५ मध्ये फरक चारचाच दिसते पण उष्णता वर्गानं वाढते, म्हणजे पावणेदोनपटीहून जास्त.

तुम्हीच मागं म्हणाले होते ना की १६ अँपिअरचा एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) दुपारी सारखा पडते अन् सकाळी पडत नाही? ११ अँपिअरनं १६ चा एमसीबी कायले पडेल भाऊ. घरगुती एमसीबीचं रेटिंग ३० डिग्रीले धरलेलं असते, तुमच्या टिनाच्या शेडमध्ये मे महिन्यात दुपारी किती होते ते तुम्हालेच माहीत, त्या गरमीत तो १६ चा राहतच नाही, अन् त्याच्यातून १५ जाऊन राहिले. एमसीबी खरं बोलून राहिला.

तुम्ही म्हणाले की सॉफ्टवेअरमध्ये ०.७३ नं गुणून टाका, मीटरशी जुळून जाईल. मी तेव्हाही नाही म्हटलं अन् आताही नाहीच म्हणतो. गुणलं तर ज्या दिवशी तुम्ही व्हीएफडी काढून सरळ लाइनवर मोटर लावाल त्या दिवशी १५ खाणारी मोटर ११ दाखवेल, तुम्ही टेस्ट शीटवर सही करून द्याल, अन् ती मोटर ज्याच्या बोअरमध्ये जाईल त्याचा आंबिया बहर पाण्यावाचून अडकेल. खोल बोअरमधून पंप काढाले किती माणसं लागतात अन् किती खर्च येते हे तुम्हाले मी काय सांगू. या कामासाठीच तर बेंच बनवला आपण.

प्रेशर. तुमच्या जुन्या गेजमध्ये ग्लिसरीन भरलेलं आहे, ते काटा थरथरू नये म्हणून भरतात. आमचा ट्रान्समीटर म्हणजे प्रेशरचा सेन्सर, मधात ग्लिसरीन नाही, जे होते ते दाखवते. बसवाले आलो होतो तेव्हा टाकीतलं पाणी इनलेटच्या जाळीच्या जरासंच वर होतं अन् वर भोवरा फिरत होता, म्हणजे पंप हवा ओढत होता. टाकी भरली तर आकडा शांत झाला, तुमच्या पोरानंच पाइप धरला होता, विचारा त्याले. स्क्रीनवर सरासरीची सेटिंग आहे, पाहिजे तर वाढवून घ्या, पण टाकी रिकामी ठेवून वाढवू नका, हवा ओढणारा पंप मग चांगला दिसेल.

सॉफ्टवेअर फुकट भेटते हे अर्धं खरं आहे. लॅबव्ह्यू (मोजमापाच्या कामाचं तयार सॉफ्टवेअर) १९८६ पासून आहे, त्याची कम्युनिटी एडिशन २०२० पासून फुकट आहे, पण धंद्याच्या कामाले ती वापराले परवानगी नाही, अन् तुमचा वर्कशॉप धंदाच आहे. दरसालचं लायसन तुमच्या माथी नको म्हणून पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लिहून दिलं, पायथॉन खरंच फुकट आहे अन् त्याचा एक रुपया घेतला नाही. पैसे घेतले ते प्रोग्राम लिहायचे, सीटी (करंट मोजाले वायरवर लावायची कडी) बसवायचे, रीडिंग तपासायचे. पूर्ण कोड तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, उद्या माझ्याशी पटलं नाही तर दुसऱ्या कोणाकडूनही बदलून घ्या, अडवणार नाही.

फोनचं म्हणाल तर चालू पॅनलमध्ये हात असला की मी फोन घेतच नाही, घेऊही नये. संध्याकाळी स्वतःहून करतो, तुम्हालेही केला होता.

आता माझ्यावर विश्वास ठेवा असं म्हणत नाही, स्वतः पाहा. पाणी तापवायचा २००० वॅटचा हिटर बेंचच्या इनपुटवर लावा, व्हीएफडी बंद. २३० व्होल्ट असले तर ८.७ च्या आसपास यायले पाहिजे, व्होल्टेज कमी असलं तर कमी येईल, पण स्क्रीन अन् तुमचा क्लॅम्प दोन्ही जवळपास सारखेच दाखवतील कारण हिटरची लाट गोल असते. मग हिटर काढून व्हीएफडीवर मोटर चालवा अन् पुन्हा पाहा. हिटरवरही चारचा फरक आला तर सगळे पैसे वापस, इथं सगळ्यांसमोर लिहून देतो. येत्या आठवड्यात मी ट्रू आरएमएसचा क्लॅम्प घेऊन तिकडं येतोच आहे, तिन्ही मीटर एकाच वायरवर लावून पाहू, येण्याजाण्याचे पैसे नाही घेणार. तेवढी टाकी भरून ठेवा.