मतदानाच्या टक्केवारीचा छेद

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेला करवीरमध्ये ८४ टक्क्यांच्या वर मतदान झालं, कुलाब्यात ४५ सुद्धा गाठता आले नाहीत. मग शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलेलं कीर्तन सुरू झालं: शहरी माणूस आळशी, सुट्टी मिळाली की लोणावळा गाठणार, याने खड्ड्यांबद्दल बोलूच नये. मी लंडनमधून वाचत होतो. टक्केवारीत वर अंश असतो नि खाली छेद. आपण दर वेळी अंशाला झोडपतो. छेद म्हणजे मतदार यादी, आणि ती धड आहे का याचा वाद पेटायला पुढचं वर्ष उजाडावं लागलं. विरोधकांनी मोर्चा काढला, मुंबई महापालिकेच्या प्रारूप यादीत ११ लाखांवर संभाव्य दुबार नोंदी निघाल्या, मग कुठे लोकांनी यादी उघडून पाहिली.

लंडनकरांचंही कौतुक सांगावं असं काही नाही. २०२२ च्या स्थानिक निवडणुकांत इथे एक तृतीयांशाच्या थोडं वर मतदान झालं. पण इथला घोटाळा उलटा आहे. मुंबईची यादी फुगलेली, तर इथली रोडावलेली. ब्रिटनच्या निवडणूक आयोगाच्या २०२२ च्या पाहणीत स्वतःच्या, कर्ज नसलेल्या घरात राहणाऱ्यांपैकी ९५ टक्के यादीत सापडले, तर खासगी भाडेकरूंपैकी फक्त ६५ टक्के. टक्केवारी यादीवर काढली जाते, त्यामुळे यादीत नसलेला माणूस 'मत दिलं नाही' या खात्यातसुद्धा दिसत नाही. भाडेकरूंनी भरलेला वॉर्ड कागदावर, आहे त्यापेक्षा बरा दिसतो.

हे उघडं पडतं ते नकाशावर. २०२१ च्या जनगणनेचे आकडे इथल्या सांख्यिकी कार्यालयाने काही शे वस्तीच्या तुकड्यांपर्यंत नकाशावर फुकट ठेवलेत: भाड्याची घरं किती, वर्षभरात आलेले किती, वयं काय. त्याच्या शेजारी यादीतली नावं मांडली की नावनोंदणीसाठी कुठे जायचं ते कळतं. आमच्याकडे वेम्बलीत भाडेकरू जास्त नि यादीत नावं कमी असा तुकडा बहुधा हमरस्त्यावरच्या दुकानांच्या वर निघतो. मागच्या गल्लीतून लोखंडी जिना, एका दाराला पाच बेल, त्यातल्या दोन वाजतात. नोंदणीची पत्रकं घेऊन गेलो तेव्हा दार उघडलं नाशिकच्या एका मुलाने. म्हणाला, "काका, आम्ही इंडियन पासपोर्टवाले, आम्हाला कुठलं आलंय मत?" त्याला आहे. राष्ट्रकुलातल्या देशाचा नागरिक इथे कायदेशीर राहत असेल तर नगरसेवकापासून खासदारापर्यंत सगळ्यांना मत देऊ शकतो. हे इथल्या निम्म्या मराठी मंडळींना ठाऊक नसावं, असा माझा संशय आहे. त्याचं नाव नाशिकच्या यादीत अजून आहेच, आणि तिथे मत द्यायचं तर प्रत्यक्ष केंद्रावर उभं राहावं लागतं. म्हणजे हा पोरगा नाशिकचा टक्का पाडतोय आणि लंडनच्या हिशेबात धरलाच जात नाही.

सगळं खापर छेदावर फोडता येणार नाही, हेही खरं. शंभर नावांत सहा फुकटची असली आणि मतं पन्नास पडली, तर यादी साफ केल्यावर टक्का जातो त्रेपन्नावर. कुलाबा आणि करवीरमधली दरी त्याने बुजत नाही. पण उरलेली दरी कशाची आहे हे नकाशाशिवाय कळणार कसं? केंद्र लांब पडतं, संक्रमण शिबिरात गेलेल्यांची नावं जुन्याच पत्त्यावर आहेत, की लोकांना खरोखर पडलेली नाही? या तिन्ही रोगांवर औषधं वेगळी. २०२४ मध्ये आपल्या निवडणूक आयोगाने मुंबई-पुण्यासारख्या शहरांत मोठ्या सोसायट्यांच्या आवारात हजाराहून जास्त केंद्रं उघडली, ती पहिल्या रोगावरची. ती लागू पडली का, हे केंद्रनिहाय मतदान वस्तीच्या नकाशावर ठेवलं तरच सांगता येईल.

एका बाबतीत मात्र मी इथल्या बाजूने आहे. इथे मोजणीआधी एका पेटीच्या मतपत्रिका दुसऱ्या पेटीच्या मतपत्रिकांत मिसळतात. आपल्याकडे निकाल बूथवार जाहीर होतो, म्हणजे कोणत्या गल्लीने कुणाला टाकलं हे उमेदवाराला दुसऱ्या दिवशी पाठ. पुढची पाच वर्षं नळ कुणाला नि गटार कुणाला, ते त्यावरून ठरू शकतं. बूथ एकत्र मोजणारं टोटलायझर यंत्र आयोगाने २००८ मध्येच सुचवलं होतं, केंद्र सरकारने मानलं नाही. लोकवस्तीचा बारीक नकाशा यात भर घालेल, ही भीती मला पोकळ वाटत नाही. म्हणून नकाशावर किती जणांनी मत दिलं एवढंच हवं, कुणाला दिलं ते नको.

सध्या आपल्याकडे तो नकाशा काढायचा तर हाताशी आकडे २०११ चे. तेव्हा ठाण्या-पनवेलच्या कितीतरी टॉवरांचे पायेही खणलेले नव्हते. २०२७ ची जनगणना डिजिटल होणार आहे. प्रगणकांच्या गटांच्या हद्दी आणि बूथच्या हद्दी आत्ताच एकमेकींना जुळवून घेतल्या, तर २०२९ च्या मतदानाआधी प्रत्येक बूथमागे अठरा वर्षांवरचे किती आणि यादीत किती, असे दोन आकडे शेजारी छापता येतील. हद्दी जुळवायचं हे काम जनगणनेआधी व्हायला हवं, नंतर ते दुपटीने महाग पडेल.