गोलपोस्ट म्हणजे फ्लेक्सचा सांगाडा नव्हे

वॉटर पोलोची राज्य स्पर्धा १७ दिवसांवर आणि आमचे दोन्ही गोल कुठे, तर गेटवर. उभे. झेंडूच्या माळा घालून. एकावर अध्यक्षसाहेबांचा वाढदिवस, दुसऱ्यावर तेच साहेब ‘भावी नगरसेवक’. का, तर गोल आतून ३ मीटर रुंद, बार पाण्यापासून ९० सेंटिमीटर, आणि फ्लेक्स १० बाय ३ फुटांचा. मापात बसला! गोलचं माप या टँकवर कुणी पाठ केलं असेल, तर ते फ्लेक्सवाल्यानं.

बरं, सुतळीनं बांधायचा. नाही. ड्रिल मारलं. खालच्या पाइपातसुद्धा. अरे, तो पीव्हीसी पाइप दोन्हीकडून सॉल्व्हंट लावून बंद केलेला असतो, आत हवा कोंडलेली असते, त्या हवेवर अख्खी चौकट तरंगते! आज सकाळी गोल पाण्यात सोडला, पाच मिनिटं शहाण्यासारखा राहिला, मग डावीकडे कलायला लागला. डाव्या टोकाला बार ७० वर, उजव्या टोकाला ९० वर. ‘वीस सेंटिमीटरनं काय होतंय सर?’ असं वर ऑफिसातून उत्तर. काय होतंय? गोली खाली आलेल्या बारला सरावतो. छाती पाण्याबाहेर काढायची त्याला गरजच उरत नाही. मग स्पर्धेत लांबून एक लॉब, म्हणजे उंच कमानीतला बॉल, येतो, बॉल बोटांवरून आत, आणि गॅलरीतून पालक विचारतात, ‘याला उडी नाही का शिकवली?’

जाळीही कापली. मागून लोंबते, फोटोत बरी दिसत नाही म्हणे. ती लोंबायलाच हवी! गोललाइनच्या मागे निदान ३० सेंटिमीटर मोकळी जागा लागते. ताणून बांधली की बॉल आत जाऊन टणकन बाहेर येतो आणि पोरं ‘गोल होता, नव्हता’ करत भांडत बसतात.

आता दुरुस्ती. स्क्रू काढा, भोक खाली करून चौकट तिरकी उभी करा, पाणी पूर्ण निथळू द्या, दिवसभर सावलीत वाळवा. भोकाभोवती पॉलिश पेपर मारा, मग एम-सील, मग पुन्हा एक रात्र. ओल्या पाइपावर एम-सील थापलं की दुसऱ्या दिवशी खपली निघते. म्हणजे १७ मधले दोन दिवस गेले. उरले १५, त्यातले चार युनिट टेस्टचे.

आणि खोल बाजू तरी कुठे मिळते? ती ‘मेंबर बॅच’ला. आम्हाला साडेचार फूट. नियमात पाणी किमान १ मीटर ८० हवं आणि गोली सोडून कुणी तळाला पाय टेकवून खेळायचं नाही. साडेचार फुटांत पोरगं पास घेताना गुपचूप टाच टेकवतं, वरून झकास दिसतं. स्पर्धेचा टँक दोन मीटरचा निघाला की दुसऱ्या क्वार्टरला त्याच पोराचं नाक पाण्याखाली.

म्हणून एगबीटर, एगबीटर आणि एगबीटर, म्हणजे तळाला न टेकता पाण्यात उभं राहायची पायांची घुसळण. खुर्चीवर बसल्यासारखी पाठ सरळ, गुडघे कमरेपेक्षा रुंद, पाय आलटून पालटून आतल्या बाजूला गोल. दोन्ही पाय एकदम मारले की पोरगं बुचासारखं वरखाली होतं आणि नेमकं खाली असताना पास येतो. ३० सेकंद कोपर बाहेर, ३० सेकंद आराम, आठ वेळा. मग हातात दोन लिटरची भरलेली बाटली, डोक्याच्या वर. पाण्यात बुडवली की बाटलीचं वजन संपतं, हे आर्किमिडीजच्या आधी सातवी ‘ब’ला कळलेलं आहे.

टोप्यांबद्दल बोलायलाच नको. कानावरचे प्लास्टिकचे गार्ड कानाच्या पडद्यासाठी असतात. पोरं ते टक-टक करून काढतात, वाटीसारखे पाण्यावर सोडून शर्यत लावतात. १३ टोप्यांना उरलेत १९ गार्ड, हिशेब तुम्ही करा. नखं! रेफरी पाण्यात उतरण्याआधी नखं बघतो हे जूनपासून सांगतोय, तरी दर मॅचला काठावर एकच नेलकटर आणि सहा जणांची रांग. बॉलमध्ये सुई कोरडी घुसवून व्हॉल्व्ह फाडणारे वेगळेच. ओली करा रे ती! आणि स्विमिंगचे कोच, ‘पोलोनं स्ट्रोक बिघडतो’ म्हणत आमचा सगळ्यात लांब हातांचा पोरगा ऐन सीझनमध्ये पळवणारे. आणि ‘घोडे कुठे बांधता’ विचारणारे काका. तळाला बांधतो, काका.

१९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धेत भारतानं वॉटर पोलोचं सुवर्ण जिंकलं होतं. हे ऑफिसात सांगितलं तर म्हणाले, वा, पुढच्या फ्लेक्सवर टाकू.

तावातावानं गेटवर गेलो, फ्लेक्स ओरबाडून काढायला. खाली ‘शुभेच्छुक’ची रांग. डावीकडून तिसरा, शिट्टी गळ्यात, डोळे अर्धे मिटलेले, तो मीच. संमती कधी दिली? बहुतेक मे महिन्यात, नवे बॉल मंजूर करून घेताना, ‘सर एक फोटो द्या’ म्हणाले तेव्हा. बॉल आले नाहीत. फोटो आला.

फ्लेक्स मात्र फेकला नाही. चांगला जाड आहे. चारही कोपऱ्यांत फूटभराचे चौकोन कापले आणि धड राहिलेल्या दुसऱ्या गोलला सुतळीनं बांधला. नेमबाजीच्या सरावाला असाच पडदा लागतो. पोरांना सांगितलं, पाच मीटरवरून मारा, कोपऱ्यातल्या भोकातून गेला तरच गोल, मधे लागला तर दहा एगबीटर जंप.

तासाभरात भोकातून तीन बॉल गेले. बाकी सगळे साहेबांच्या नाकावर. दहा जंप मारून परत येतायत आणि परत तिथेच मारतायत.