टेनरची ओळ आणि हळदीकुंकू : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

कोणत्या गायनवृंदाने कोणती मांडणी निवडावी, म्हणजे गाणं किती आणि कोणत्या आवाजांच्या ओळींत बसवावं, या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल आभार. पण तुमचं एक वाक्य दोन दिवस डोक्यातून जात नाहीये : "टेनर मिळत नाही म्हणून ओळ कापणारी मंडळी म्हणजे हळदीकुंकवाचं भजनी मंडळ, युरोपात असले चाळे कुणी खपवून घेत नाही." (टेनर म्हणजे पुरुषांचा उंच आवाज.)

मतभेदाचं मला काही वाटत नाही. पण नोकरी-घर सांभाळून तालमीला येणाऱ्या बायकांना असं एका फटक्यात निकालात काढणं ही टीका नव्हे, हा उद्धटपणा आहे. आणि भजनी मंडळ ही शिवी कधीपासून झाली? माझी आई सदाशिव पेठेतल्या भजनी मंडळात गायची. पेटी वाजवणाऱ्या काकू नव्या बाईला आधी दोन ओळी म्हणायला लावायच्या, तिचा गळा कुठे थकतो ते ऐकायच्या आणि मग कोणत्या पट्टीत गायचं ते ठरवायच्या. समोर बसलेले गळे बघून गाणं बसवायचं, हे मी तिथे शिकले. माझ्या अख्ख्या लेखात तरी दुसरं काय होतं?

आता तुमची 'कापलेली' ओळ. कर्वेनगरच्या आमच्या वृंदात बायका भरपूर, पुरुष मोजके. खरा टेनर एकच, तोही हिंजवडीहून येणार. चांदणी चौकात अडकला की तालीम त्याच्याशिवायच. बाकीचे पुरुष धड टेनर नाहीत, धड बास (पुरुषांचा खालचा आवाज) नाहीत, मधल्या गळ्याचे आहेत. हौशी वृंदांत बहुतेक पुरुष असेच असतात. त्यांना टेनरच्या ओळीत बसवलं की मिडल सीच्या वरच्या पांढरी चार-पांढरी पाचला मानेच्या शिरा ताठ होतात, सूर उतरतो, आणि शेजारच्या अल्टोही (खालच्या आवाजाच्या बायका) त्यांच्यामागे घसरतात. अशा वृंदाने सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), अल्टो आणि पुरुषांची एकच ओळ अशी तीन आवाजांची मांडणी घ्यावी, असं मी लिहिलं. ते पुन्हा लिहीन.

ओळ काढली म्हणजे कात्री चालवली असं होत नाही. एका रचनेच्या शेवटी बास सा वर, टेनर ग वर, अल्टो प वर आणि सोप्रानो वरच्या सा वर येतात. टेनर नुसता काढलात तर सा-प-सा उरतं, पोकळ. म्हणून आम्ही अल्टोला पंचमावरून गंधारावर आणलं आणि पंचम सोडला. गंधार गेला तर स्वरसंघाचा (एकदम गायलेल्या स्वरांचा, म्हणजे कॉर्डचा) चेहराच जातो, पंचमाविना तो तरतो. तंबोऱ्यात षड्जाच्या तारेतून आपोआप उमटणारा स्वयंभू गंधार ऐकू येतो, हे मलाही ठाऊक आहे; पण दोन-चार बासच्या गळ्यातून तो मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, आणि गंधार कोमल असेल तर षड्जातून मिळायचा प्रश्नच नाही. हा एकच स्वर बसवण्यात आमची अर्धी तालीम गेली. याला चाळे म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

राहिला युरोप. व्हेनिसच्या पिएता अनाथालयात संगीतकार विवाल्दी १७०३ पासून शिकवत होता. तिथे गायच्या त्या मुली आणि बायका; तरी त्यांच्यासाठी लिहिलेल्या वृंदरचनांत टेनर आणि बासच्या ओळी आहेत, आणि त्या खालच्या आवाजाच्या बायकाच गात. इंग्रज संगीतकार बेंजामिन ब्रिटनने १९४२ मध्ये 'अ सेरेमनी ऑफ कॅरोल्स' वरच्या (मुलांच्या किंवा बायकांच्या) तीन आवाजांसाठी आणि हार्पसाठी लिहिलं. त्याची मिश्र (बायका आणि पुरुष मिळून) चार आवाजांची मांडणी ज्युलियस हॅरिसनने केली, आणि तीही ब्रिटनच्या हयातीतच. थोडक्यात, उपलब्ध आवाजांप्रमाणे ओळी इकडच्या तिकडे करणं तिथे चालत आलेलं आहे. युरोपचं नाव घेऊन दुसऱ्याला खाली दाखवण्याआधी एवढं तरी बघायचं होतंत.

आपल्याकडे तर चौथा आवाज भरायच्या हट्टाने रागाचंच नुकसान होतं. भूपात मध्यम-निषाद नाहीत. चार आवाज पुरे करायचे म्हणून मांडणीकार पंचमावर निषाद चढवतात आणि भूप तिथल्या तिथे संपतो. तीन आवाजांत ही पाळी कमी येते.

तुमची एक गोष्ट मान्य : आवाजांचे पल्ले सांगताना मी नुसती पाश्चात्त्य स्वरनावं दिली, पेटीच्या पट्ट्याही द्यायला हव्या होत्या. आता दिल्या आहेत. बाकी परदेशी स्वरलिप्यांच्या किमती, झेरॉक्सचा मुद्दा, माझं 'शिक्षण किती' ही चौकशी, यांचा मांडणी निवडण्याशी संबंध नाही, म्हणून त्यात शिरत नाही. माझ्या शिक्षणाची काळजी तुम्ही करू नये.

पुढचा लेख फक्त स्त्री-आवाजांच्या मांडणीवर आहे. तिथे एखादा स्वर चुकीचा वाटला तर कोणत्या ओळीतला, कोणत्या मात्रेवरचा ते लिहा. नीट उत्तर देईन. माझ्यासोबत गाणाऱ्या बायकांबद्दल पुन्हा असं लिहिलंत तर ती प्रतिक्रिया मी काढून टाकेन.